चव्वेचाळीस सेकंद

आबा, धरणगावजवळच्या त्या जिनिंगच्या आवारात आता दर रविवारी मी गाडी शिकवते. रस्त्यावरची नव्हे, ट्रॅकवरची, तुम्ही आम्हा दोघा भावंडांना शिकवायचात तशीच. हंगाम संपून कापूस उठला की सिमेंटचं आवार रिकामं होतं, मग वाळूचे ड्रम मांडायचे, फक्कीची रेघ मारायची आणि वजनकाट्याला न् पाण्याच्या टाकीला वळसा घालून रेघेवर परत यायचं. जळगावचे डॉक्टर येतात, रावेरकडचे केळीवाले येतात, सगळे हौशी. आल्या आल्या एकच प्रश्न, ताई, माझं टायमिंग किती? मी सांगते, पहिले दोन महिने घड्याळ नाही, काचेवरचा मोबाइल काढून माझ्या पिशवीत टाका. लोकांना राग येतो. येऊ दे. आकडा दिसला की माणूस वळण बघत नाही, ब्रेक उशिरा दाबतो, स्टिअरिंगला हिसके देतो, आणि एका फेरीत अर्धा सेकंद कमावून पुढच्या दोन फेऱ्यांत घालवतो. तसं घड्याळ अजिबात नसलं तरी चालत नाही म्हणा. काही जण वर्षभर रांगतात आणि आपण उडतोय असं समजतात. कधीतरी खरा आकडा सांगावाच लागतो. खरा, आबा. माझं सगळं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

रविवारी तुमचं देवपूरचं गॅरेज बंद असायचं. सकाळीच आपली जुनी आठशे सीसीची गाडी काढायची, पारोळ्याला चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत आवारात पोचायचं. तुम्ही रेघेशी उभे, हातात शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच. भाऊ फेरी मारून येतो, तुम्ही ओरडता, चव्वेचाळीस! मी येते, एकोणपन्नास. कुठे चुकलं, पाय कधी उचलायचा होता, नजर कुठे हवी होती, यातलं एक अक्षर नाही. फक्त आकडा, आणि वर, "आखो एक." म्हणजे अजून एक फेरी मार. मी दात-ओठ खाऊन पुन्हा जायची. मग एका रविवारी भाऊने टाकीजवळचा ड्रम पाडला. तुम्ही तो उभा करायला गेलात आणि त्याच्या पुढच्या फेरीपुरतं घड्याळ माझ्या हातात दिलंत. अठ्ठेचाळीस. मी दोनदा पाहिलं. तुम्ही परत आलात, माझ्या हातातून घड्याळ घेतलंत, नीट वाचलंत आणि खिडकीत वाकून त्याला म्हणालात, चव्वेचाळीस. पुढच्या फेरीला मी माझं मनगटी घड्याळ डॅशबोर्डवर ठेवलं. पंचेचाळीस आले. तुम्ही म्हणालात, पन्नास.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुम्हाला विचारलं. आई कळण्याची भाकरी थापत होती, तुम्ही ताटावर बसला होतात. मला वाटलं होतं तुम्ही निदान दचकाल. तुम्ही ठेच्यात भाकरी बुडवून शांतपणे म्हणालात, "त्याले गोड आकडा लागस, तुले राग लागस." भाऊला बरा आकडा सांगितला की त्याचा हात मोकळा होतो, मला वाईट सांगितला की मी पेटून चालवते, म्हणून ज्याचं त्याला. वर ताकीद, त्याला बोलायचं नाही. आईने मान वर केली नाही. तुम्हाला हे शिकवणं वाटत होतं, आणि मला शरम वाटते सांगायला, पण काही प्रमाणात खरंही होतं, मी पेटले की चालवायचे चांगली. पण जळगावच्या शर्यतीला गाडी एकच जाणार होती आणि ज्याचा आकडा कमी त्याचं नाव द्यायचं हे तुम्हीच ठरवलेलं. नाव भाऊचं गेलं. तुमचंच घड्याळ, तुमचाच आकडा आणि निवाडाही तुमचाच. वा, आबा!

दोन आठवड्यांनी जळगावच्या मैदानावर भाऊ पहिल्या फेरीच्या वेळेत सगळ्यांच्या मागे पडतो. त्याला ते पटत नाही. तो घड्याळवाल्यांशी भांडतो, तुमच्याकडे बघतो, तुम्ही टोपी झटकत दुसरीकडे बघता. दुसऱ्या फेरीत तो वळणावर असा घुसतो की जणू त्या मैदानात त्याच्याएवढा वेगवान कोणी नाही. गाडी दोन कोलांट्या खाते. त्याचा उजवा कोपर आजही सरळ होत नाही. देवपुरात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, चांगलं चालवतो, आणि गिऱ्हाइकांना अजून सांगतो की घरच्या ट्रॅकवर चव्वेचाळीसची फेरी होती, त्या दिवशी नशीब फुटकं निघालं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्या फोटोला हार तोच घालतो.

यंदा त्याची मुलगी माझ्याकडे शिकायला आली. हात माझ्यासारखा आहे, नजर शांत. दोन महिने झाल्यावर मी तिला पहिल्यांदा वेळ सांगितली, सेहेचाळीस, आणि मला खरोखर आनंद झाला होता. तिचा चेहरा पडला. पप्पांचे चव्वेचाळीस होते ना, आत्या? गेल्या रविवारी ती त्या चव्वेचाळीसच्या मागे लागली. ब्रेक उशिरा, अजून उशिरा, आणि चौथ्या फेरीला टाकीच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. मी दार उघडून तिला सांगून टाकलं, की चव्वेचाळीस कधी झालेच नव्हते, ते अठ्ठेचाळीस होते, आबा खोटं बोलायचे.

संध्याकाळी भाऊ घरी आला. पोरीने त्याला सगळं सांगितलं होतं. चहा घेतला नाही. तुमच्याबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही, आणि मला त्याचाही राग आला. त्याने एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, आबा गेल्यावर, आईने सांगितलं. आईही आता नाही, विचारणार कोणाला? त्याने मान हलवली, तू तरी काय करणार होतीस म्हणाला, आणि गेला. आबा, त्या दोन आठवड्यांत मी गप्प बसले ती तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. तुमचं मी कधी एवढं ऐकलं? भाऊ हरावा आणि पुढच्या वेळी माझं नाव जावं, म्हणून मी बोलले नाही. त्याची गाडी उलटावी असं वाटत नव्हतं. हरावा, एवढंच. हे तुम्हाला लिहायला सोपं आहे, तुम्ही काही विचारायला येणार नाही. हे पत्र खरं तर चार गल्ल्या पलीकडे भाऊच्या दुकानात द्यायचं आहे, आणि तेवढं माझ्याने होत नाही.