कडूबाई ठणठणीत आहेत

जिंतूर,
रविवार

प्रिय नीलम,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून पत्र फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला एकच खूण दिसते, म्हणजे बाईसाहेबांनी आपल्याला ब्लॉक केलंय एवढं मलाही कळतं. अख्ख्या गल्लीची वेबसाइट चालवणारी मी, आणि तुला निरोप द्यायला शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणावं लागलं. हस की थोडी. नाही हसलीस तरी चालेल.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आई गेल्याची बातमी तू आमच्या 'बारव गल्ली'च्या साइटवर वाचलीस, अंगावरच्या साडीनिशी निघालीस, रात्रभर रेल्वेत रडत परभणीला उतरलीस, तिथून बसनं जिंतूर गाठलंस आणि घराला कुलूप बघून ओट्यावर बसलीस. मग गल्लीतल्या लिंबाजीकाकांनी येऊन हसत हसत सांगितलं की कडूबाई ठणठणीत हाय, येलदरीच्या शेतावर सोयाबीन काढायलाय. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, तू ऐकून त्यांच्या पाया पडशील. तू उठलीस, म्हणालीस, "बाप खरंच गेला तवा मला कळवलं न्हाई, आन् खोटं रडायला बरी बोलावली," आणि तशीच बसस्टँडवर गेलीस. मी कॉलेजच्या ऑफिसातून पळत आले तोवर तुझी बस सुटली होती. तुझं वाक्य मला काकांनी सांगितलं.

आता झालं काय ते ऐक. तुला ही रीत ठाऊक आहेच. आपण दोघी चौथीत असताना तुझ्या आत्याच्या डोक्याला कावळा शिवला होता, तेव्हा तिच्या माहेरी मयतीची खोटी खबर धाडली होती आणि आपण पण नाक ओढत रडलो होतो. कावळ्यानं माणसाच्या डोक्याला पंजा मारला की लांबच्या नातलगाला तो माणूस गेल्याचं कळवायचं, त्यांनी रडून घेतलं की डोक्यावरचं टळलं, आणि सांजच्याला खरं सांगून शिव्या खायच्या. तुझी आई खळ्यावर बसली होती, आला एक मुडदा कावळा आणि मारला पंजा. ती हसली, पण वहिनी घाबरली. मग तुझा भाऊ बजरंगदादा रेंज मिळेपर्यंत धरणाच्या बाजूला चालत गेला आणि राणीसावरगावच्या तुमच्या माऊलीमामाला फोन करून बहीण गेल्याचं सांगितलं. तुला फोन केला नाही, आणि तो मुद्दाम केला नाही. मी त्याला खडसावून विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "तिला एकदा लय रडवलंय मंजू, अजून किती रडवू?" हे त्याच्या तोंडचे शब्द आहेत. मी एक अक्षर वर चढवलेलं नाही.

पण माऊलीमामा पडले आमच्या साइटचे शौकीन. रोज सकाळी चहाबरोबर ते बारव गल्ली वाचतात, गल्ली सोडून जमाना झाला तरी. त्यांनी हंबरडा फोडला आणि पाणावल्या डोळ्यांनीच बहिणीचा फोटो मला पाठवला. वर फोन केला. तो पुरुष माणूस लेकरासारखा रडत होता गं. आमचा एक नियम आहे, दोघांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही टाकायचं नाही. एकदा नळाला पाणी येणार म्हणून आम्ही छापलं, बाया कामधंदा सोडून हंडे मांडून बसल्या आणि नळानं नुसती फूस केली, त्या दिवसापासूनचा तो नियम. पण सख्ख्या भावाला 'नक्की गेली का हो?' असं विचारायला माझी जीभ धजली नाही. घराला कुलूप, दादाचा फोन लागेना. मी बातमी टाकली. चूक माझी आहे, मामांची नाही आणि दादाची तर त्याहून नाही.

इकडं लिंबाजीकाका हार घेऊन येलदरीच्या बसमध्ये बसले. जन्मभर एसटीत कंडक्टर, मयतीला वेळेवर पोचायचा त्यांना भारी अभिमान. शेतावर जाऊन बघतात तर काय, कडूबाई पायावर गोणपाटाचं चवाळं टाकून शेंगा निवडायलीय! तिनं विचारलं, "हार कुणाला रे लिंबाजी?" काकांना घेरीच आली. संध्याकाळी त्यांनी येऊन सांगितलं तशी मी बातमी उतरवली आणि पहिला फोन तुला लावला. तो बंद होता. तू तेव्हा रेल्वेत होतीस.

नीलम, ही साइट का निघाली हे मी तुला कधी बोलले नाही. तुझे वडील माणिककाका गेले त्या महामारीच्या उन्हाळ्यात मी स्वतः परभणीच्या दवाखान्यात नळी लावून पडले होते. मला घरी आल्यावर कळलं की काका गेले, आणि तुला चौथ्या दिवशी कळवलं. दादाला वाटलं, रस्ते बंद, लेकरं लहान, हिला कळवून तरी काय उपयोग, उगी जीव टांगणीला. त्याच्या परीनं त्यानं भलं बघितलं, पण ते तुझं भलं नव्हतं. तू मला फोनवर एवढंच म्हणालीस, गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं, मलाच नव्हतं. मी त्या वाक्यानं हैराण झाले. म्हटलं, या गल्लीतल्या कुणालाही, तो कुठं का असेना, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. समोरच्या घरची सून भक्ती बीसीए होऊन घरात बसली होती. तिच्या सासूची परवानगी काढायला मला तीनदा धपाटे करून न्यावे लागले. तिनं साइट बांधली, मी मजकूर लिहायला लागले, काका चालत फिरून खबरी आणायला लागले.

बाई बाई, काय काय निभावलंय! पहिल्या महिन्यात लोकांनी गुलाबाच्या फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ पाठवून भक्तीला वेड लावलं. आपले रिटायर हेडमास्तर अण्णासाहेब म्हणाले, रोज पहिल्या पानावर माझा सुविचार पाहिजे. मी नाही म्हटलं, तेव्हापासून माझ्या नमस्काराला उत्तर देणं बंद. कुणी म्हणायचं, व्हॉट्सअॅप असताना हे थेर कशाला? आता त्यांना कोण सांगणार, ग्रुपवरचं सगळं सांजेपर्यंत वाहून जातं आणि बाहेरगावच्या माणसाला हाताला काहीच लागत नाही. आमच्याकडं नळाचा दिवस आहे, लाइट जायची वेळ आहे, कुणाची शेळी चुकली, कुणाच्या पोरीला नोकरी लागली, रक्त कुणाला हवंय, सगळं जागच्या जागी सापडतं. कुणाला छदाम मिळत नाही. दोनदा मी चिडून बंद करायला निघाले होते. दोन्ही वेळा केलं नाही, आणि त्याचं कारण तू आहेस.

भक्तीनं एकदा दाखवलं, कुठल्या गावातून किती लोक साइट बघतात ते. पुणे, संभाजीनगर, नांदेड, आणि सिकंदराबादेत एक जण. एकच, पण रोज. भक्ती म्हणाली, तिकडं आपलं कोण आहे हो काकू? मी म्हटलं, असेल कुणीतरी. मग मी तुझ्या घरावरून जाताना मुद्दाम फोटो काढायला लागले. आईनं ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडया, आई अंगणात जोंधळे पाखडताना, आई पोळ्याला बैलांना ओवाळताना. खाली लिहायचं, 'गल्लीतली सकाळ', 'गल्लीतला सण'. लोक म्हणायचे, मंजुषाताई, तुम्हाला दुसरं घर दिसत नाही का? मला तुझंच घर दाखवायचं होतं, तुला. तू घरी येत नव्हतीस, पण बघत होतीस, आणि मला तेवढ्यावर लय आशा होती. त्या सकाळनंतर सिकंदराबादेतून कुणीही आलेलं नाही. मी रोज बघते.

आता आईचं सांगते. तिला शेतावरून आणल्यावर आधी सगळी मजा वाटली. बातमीखाली गावोगावच्या माणसांनी श्रद्धांजल्या लिहिल्या होत्या, बातमी उतरवताना भक्तीनं त्या जपून ठेवल्या होत्या, त्या तिनं माझ्याकडून वाचून घेतल्या. पाय पसरून, पदरात शेंगदाणे घेऊन, नवरदेवाच्या ऐटीत. कुणी लिहिलं होतं, कडूबाईंच्या ताकावर आम्ही वाढलो. कुणी लिहिलं, माझ्या बाळंतपणात सख्ख्या आईनं केलं नाही ते यांनी केलं. ती एकेकाला तपासून घेत होती. एकानं 'देवमाणूस' लिहिलं तर म्हणाली, "खोटारडा! माझी पितळी घागर बारवंत टाकून पळाला व्हता, तवा देवमाणूस नव्हते का मी?" मामांना तर तिनं फोनवर अर्धा तास झोडलं. मग मला म्हणाली, साइटवर टाक, कडूबाई ठणठणीत हाय, फोटोसकट टाक. आम्ही टाकलं. अण्णासाहेबांनी त्याखाली स्वतःहून लिहिलं की खोट्या मरणानं आयुष्य वाढतं. आमचा अबोला त्या दिवशी सुटला.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आन् नीलमनं काय लिवलं?" तोवर कुणी तिला सांगितलंच नव्हतं की तू येऊन गेलीस. दादा माझ्याकडं बघायला लागला, वहिनी आत गेली. शेवटी मीच सांगितलं. तुझं वाक्यही सांगितलं, कारण खोटं बोलून आता आणखी काय मिळवायचं होतं? पदरातले शेंगदाणे आईनं सुपात ओतले. मग दादाला म्हणाली, "माझ्या डोक्यावरचं टळलं, ते तिच्या डोक्यावर टाकलंस का रे?" आणि रडली गं नीलम. माणिककाका गेले तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. दादाही रडला. मी काय करणार, मीही सुरू केलं. चार पोरं सांभाळलेली बाई मी, पण त्या दिवशी मला कुणाला उगी करता आलं नाही.

या सगळ्यातून एक बरं झालं, ते तुला कळावं म्हणून लिहिते. आता मयतीची खबर कितीही जवळच्यानं दिली तरी आमच्यातला एक जण त्या दारात जाऊन येतो, मगच छापायचं. लाजायचं नाही. अण्णासाहेबांनी ती जबाबदारी मागून घेतली. बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक लेकीचा नंबर आम्ही घ्यायला लागलोय. पहिल्यांदा लेकींना कळवायचं, मग साइटवर. हे बजरंगदादानं सुचवलं. मीटिंगमध्ये उभा राहिला, घसा खाकरला, एवढंच बोलला आणि खाली बसला. कधी नव्हे ते माणसं स्वतःहून काम मागायला यायलीत.

आणि आता पत्र का लिहिलं ते. मी तुला 'ये' म्हणायला लिहिलेलं नाही. तू यावंस असं म्हणायची माझी छाती नाही आणि तुझ्या आईचीही नाही. ती म्हणाली, लेकरू रडत आलं आणि रिकामं गेलं, आता पाळी माझी हाय. तर नीलम, आई तुझ्याकडं येतेय. येत्या रविवारी सकाळी, सिकंदराबादच्या स्टेशनावर. मी सोबत आहे, तिकिटं दादानं काढलीत, तो परभणीपर्यंत पोचवायला येणार आणि तू बोलावलंस तर पुढच्या खेपेला येणार. ती जन्मात रेल्वेत बसलेली नाही. तीळ, शेंगदाण्याची चटणी, तुझ्या लेकरांना धपाटे, असं सगळं आत्तापासून बांधायलीय. मी म्हटलं, न कळवता जाऊ, तिला आनंद होईल. तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "येडी का खुळी तू? माझ्या लेकीला या घरची एक तरी खबर खरी आणि वेळेवर मिळू दे." म्हणून हे पत्र. राग असेल तर राग घेऊन ये, पण स्टेशनावर ये. नाही आलीस तरी ती माघारी फिरणार नाही, हे मी तिला ओळखून सांगते. तेलुगू येत नसलं म्हणून काय झालं, ती म्हणते, माझ्या नीलमचं घर कुठं हाय असं दारोदार विचारत येईन.

तुझीच,
मंजू