समुद्राचं टाइमटेबल, मुक्काम अरेरा कॉलनी, भोपाळ

२ फेब्रुवारी
काम मिळालं. कोकणच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार. त्यांच्या देखभालीच्या बोटी आणि मच्छिमार यांनी तोच समुद्र कसा वापरायचा, याचा आराखडा मी करणार. समुद्र पाहिलेला नाही. पण कॉलनीच्या पार्कमधलं योगावाले-क्रिकेटवाले भांडण मीच टाइमटेबल लावून मिटवलं. तत्त्व तेच. कंपनीच्या पल्लवी मॅडम म्हणाल्या, सोळाच्या मीटिंगमध्ये मच्छिमारांनी हो म्हटलं नाही तर कॉन्ट्रॅक्ट संपलं. चोपन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण घेणार? पण हो म्हणतीलच.

५ फेब्रुवारी
टाइमटेबल तयार. सहा ते दहा जाळी, हिरवा रंग. दहा ते सहा देखभाल, निळा. लॅमिनेटही केलं. बायकोनं, मंदाकिनीनं, विचारलं, भरती-ओहोटीचं काय? तिला काय कळतंय, ती नागपूरची.

९ फेब्रुवारी, ११.३०
मच्छिमार सोसायटीचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, फोनवर. म्हणाले, साहेब, आमची जाळी घड्याळावर नाही, तिथीवर चालतात. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. मी म्हटलं, थोडी शिस्त लावून घ्या. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१३ फेब्रुवारी
गूगल केलं. खरंच सरकते. रोज. हिरवा निळ्यावर चढतोय. जेवण जात नाही. नवं करायला हवं, पण हे लॅमिनेट झालंय. संकल्प: उद्या पहाटे पाचला उठून सगळं नव्यानं.

१४ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. इथल्या बड्या तालाबवर, म्हणजे मोठ्या तलावावर, जाऊन तासभर निरीक्षण केलं. पाणी जागचं हललं नाही. जरा धीर आला.

१६ फेब्रुवारी
व्हिडिओ मीटिंग. तांडेलांनी अदबीनं विचारलं, हिरव्या वेळेत खाडीत पाणीच नसेल तर होडी कुठून काढायची? कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, सर, आप रहने दीजिए. आवाज फार मऊ होता. आराखडा आता तांडेल करणार.

१७ फेब्रुवारी
घरी. मेहुणा दरवर्षी पाठवतो ते मराठी कॅलेंडर फ्रिजशेजारी वीस वर्षं टांगलेलं असतं. मंदाकिनी त्यावर दुधाचा हिशेब ठेवते. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. आजच्या चौकोनात तिनं लिहिलंय: हे आजपासून घरी, दूध अर्धा लिटर जास्त.
त्याखाली बारीक छापलंय: अमावास्या. मुंबई, भरती १२.३४.