जहाजासाठीचं गाणं

डोंबिवली (पूर्व)

प्रिय आये,

पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही सगळे सुखरूप परत आलोय आणि तुझे जावईबापू अद्वय दुसऱ्याच दिवशी ऑफिसला पळाले. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू लगेच 'बरा, बरा, जेवलीस का' विचारतेस आणि मी जेवले म्हटलं की ठेवून देतेस. त्यात बंटी फोन स्पीकरवर टाकतो आणि सोनलवहिनी मागून काहीतरी विचारत असते. मला तुझ्या एकटीशी बोलायचंय. तू ओठ हलवत, एकेक ओळ सावकाश वाचतेस, तसंच वाच. चष्मा टीव्हीच्या मागे पडला असेल, तिथे बघ.

आम्ही निघायच्या आधी तू मला एक गोष्ट विचारली होतीस आणि मी 'आल्यावर सांगते' म्हणून वेळ मारून नेली होती. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. महिपतकाका येऊन गेले होते, महोत्सवाचं आमंत्रण घेऊन. आपल्या भाताच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या त्या टॉवरवाल्यांना कोलशेतची परंपरा बघायची आहे. तू नऊवारी नेसून, दागिने घालून स्टेजवर बसायचं, दहा मिनिटं तुझा लग्नातला धवला बोलायचा, आणि टॉवरमधलीच दोन मुलं मुंडावळ्या बांधून नवरा-नवरी म्हणून उभी राहणार. तू फोनवर म्हणालीस, 'आता लग्नान कोन बोलवतं मना? डीजे हाय ना. स्टेजवं नाय बोलली तं माझेसंगंच जाईल सगला. तू सांगशील तसा करीन.' आणि तीच तू, माझ्या लहानपणी शेजारच्या बायांनी गंमत म्हणून धवल्याची दोन कडवी म्हणायचा आग्रह केला तेव्हा हात जोडून उठली होतीस. 'देवांना आवतान द्याचा, देव येतील, न मांडवान नवरा-नवरीच नसली तं त्यांना काय सांगाचा?' असं म्हणाली होतीस. आता तुला त्या देवांना स्टेजवर बोलवायचं होतं आणि ते योग्य की अयोग्य हे मी ठरवायचं होतं. बोटीवर चढले तरी माझ्या डोक्यात तेच होतं.

आता बोटीचं ऐक. सगळ्यात आधी वाईट बातमी: तू दिलेली जवळ्याची चटणी ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर गेली. तिथल्या बाईने डबा उघडला, नाक आत घातलं आणि असा चेहरा केला की मला हसू आवरेना. अद्वय 'मी ह्यांच्याबरोबर नाही' अशा थाटात दोन पावलं बाजूला सरकला. माझ्या सासूबाईंनी मात्र त्या बाईला शुद्ध मराठीत ठणकावलं की ही आमच्या विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने केलेली आहे. जन्मात मासळी न खाल्लेली बाई जवळ्यासाठी भांडत होती! चटणी गेलीच, पण मला फार बरं वाटलं.

बोट म्हणजे आपल्या गावच्या होड्या डोळ्यांसमोर आणू नकोस. कोलशेतमधला एखादा टॉवर आडवा करून पाण्यात सोडलाय असं समज. आत लिफ्ट, पोहायचा तलाव, थिएटर, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खाणं. तेवढ्या खाण्यातही सासऱ्यांनी पिशवीतून मेतकूट काढलं ते काढलंच. आणि हसू नकोस, खाडीच्या काठावर वाढलेली तुझी लेक पहिले दोन दिवस बादली धरून बसली होती. ज्यांनी गणपती विसर्जनाशिवाय पाण्याशी संबंध ठेवला नाही त्या सासूबाई डेकवर उभ्या राहून समुद्राला 'काय छान, काय छान' म्हणत होत्या. डोंबिवलीच्याच टूर कंपनीचा ग्रुप होता, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून भजन, अंताक्षरी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरकडे झालं, सगळं व्यवस्थित सुरू झालं. मधूनच मला वाटायचं, आपण अजून फडके रोडवरच आहोत आणि कुणीतरी भोवती पाणी ओतलंय.

बेटं मात्र तू बघायला हवी होतीस. बोट लांब उभी राहायची आणि आम्ही लहान होडीतून काठाला जायचो. माडच माड, पाणी इतकं स्वच्छ की तळातला मासा मोजून घ्यावा. त्यातलं शेवटचं बेट अगदी लहान होतं, नाव मला अजून धड म्हणता येत नाही. तिथे आमच्यासाठी कार्यक्रम ठेवला होता. बोटीवरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'प्राचीन विवाहविधी, पाहुण्यांसह'. म्हणजे आपल्यातलंच एक जोडपं निवडायचं, त्यांना फुलं-पानं घालायची आणि गावातल्या म्हातारीने लग्नाचं गाणं म्हणायचं. ते मी पुन्हा एकदा वाचलं. महिपतकाकाच माझ्याआधी तिथे पोचल्यासारखे वाटले.

आणि निवडलं कुणाला? तुझ्या व्याही-विहिणींना! आमची टूर मॅनेजर करिश्मा, फार चलाख पोरगी, तिला अद्वयने ह्या दोघांच्या लग्नाचा वाढदिवस सांगून ठेवला होता. सासऱ्यांच्या कमरेला झावळ्यांचा घागरा बांधला, पँटवरूनच. डोक्यावर फुलांची चुंबळ. ते इतके गंभीर उभे होते की पासपोर्टचा फोटो काढताना बरे. सासूबाई लाजून लाल. एक म्हातारी पुढे येऊन बसली, तुझ्याच वयाची असेल, पाय तसेच पसरून, आणि तिने डोळे मिटून गायला सुरुवात केली. आये, आवाज तुझ्यासारखा नव्हता, पण श्वास घ्यायची जागा तुझीच होती. लोक मोबाइल वर धरून उभे होते. माझ्याच्याने वर बघवेना.

पुढे जे झालं ते फक्त आपणच करू शकतो. करिश्माने बोटीच्या स्वयंपाकघरातून तांदूळ मागून, हळद लावून, सगळ्यांच्या हातात अक्षता देऊन ठेवल्या होत्या. गाणं संपायला आणि मागून कुणीतरी 'शुभमंगल सावधान' ओरडायला एकच गाठ पडली. मग काय, सगळ्या डोंबिवलीने तांदूळ उधळले. आपल्याला वाटलं, केवढा छान प्रसंग. तिकडे गावकऱ्यांचे चेहरे उतरले. म्हातारी उठली, गुडघ्यावर बसली आणि वाळूतला एकेक दाणा वेचायला लागली. त्यांच्याकडे तांदूळ पिकत नाही, लांबून बोटीने येतो, आणि खायची वस्तू पायाखाली येऊ देणं म्हणजे त्यांच्यात घराला शाप. हे करिश्माला कुणीतरी सांगितलं तेव्हा ती रडकुंडीला आली. ग्रुपमधले काही पुरुष 'अहो, आमच्याकडे हे शुभ असतं' असं समजावून सांगायला लागले, जसं काही त्या म्हातारीला ऐकूनच घ्यायचं होतं.

सासूबाई पुढे झाल्या. फुलांच्या माळांसकट खाली बसल्या आणि वेचायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. आये, तू खळ्यावर सांडलेलं भात कोंबड्यांच्या आधी वेचायला लावायचीस, ती सवय कामाला आली. वाळूतून पिवळा दाणा पटकन दिसतो. होडी परत न्यायची वेळ झाली म्हणून करिश्मा हाका मारत होती, पण पुढची फेरी होती. आम्ही तिघी वेचतच राहिलो. सगळे दाणे काही मिळाले नसतील. म्हातारीने ओच्यात घेतलेले तांदूळ बघितले, मग आमच्याकडे बघितलं आणि आम्हाला तिच्या झोपडीच्या सावलीत नेऊन शहाळं दिलं.

तिला थोडं इंग्रजी येत होतं, सासऱ्यांना येतं तेवढं. मी तिला तुझाच प्रश्न विचारला. विचारल्याशिवाय मला राहवलंच नाही. म्हटलं, दर बोटीला तुम्ही लग्नाचं गाणं गाता, लग्न नसताना, तर तुमचे देव रागवत नाहीत का? तिला आधी कळेना. कळलं तेव्हा ती अशी हसली की तिचे उरलेले दोन दात दिसले. म्हणाली, ते लग्नाचं गाणं नाहीच! ते कंदाच्या मळ्यात तण उपटतानाचं गाणं आहे. बोटवाल्यांना लग्नाचं हवं होतं, तेव्हा गावातल्या बायांनी बसून ठरवलं की हे द्यायचं. तेही खरंच आमचं आहे, ऐकायला गोड आहे, आणि ते म्हटल्याने कुणी देव येत नाही. लग्नाचं गाणं घरातलं. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शहाळं सांडलं. एवढ्या मोठ्या बोटीने पैसे मोजून तण उपटायचं गाणं ऐकलं होतं, माना डोलावून!

मग म्हातारीने सासूबाईंना विचारलं, हे गृहस्थ खरंच तुमचे नवरे की बोटीवरचे? खरेच, असं कळल्यावर तिने सासऱ्यांना हाक मारून आत बोलावलं, घागऱ्यासकट. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून ती अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. चार-पाच ओळी असतील. मोबाइल कुणी काढला नाही. अर्थ मी विचारला नाही, तिनेही सांगितला नाही. सासरे, ज्यांना टीव्हीवरच्या कशानेही रडू येत नाही, ते चष्मा पुसत बाहेर आले आणि डोळ्यात वाळू गेली म्हणाले.

तेव्हा तुझं उत्तर हे असं, आये. महोत्सवाला जा. खुशाल जा, नऊवारी नेस, माझी ठुशी घाल. पण आवणीची गाणी म्हण. चिखलात वाकून भात लावताना तुम्ही सगळ्या बायका म्हणायचात ती. त्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत, त्यांना खाली काय पिकायचं ते कळू दे. टॉवरमधल्या त्या पोरांना मुंडावळ्या बांधायची गरज नाही. महिपतकाका कुरकुर करतील, त्यांना माझं नाव सांग. धवला स्टेजवर नको. तुला स्वतःलाही तो तिथे नको होता, म्हणून तर मला विचारलंस, असं मला वाटतं.

आता जे लिहायला बसले ते. परतीच्या वाटेवर डेकवर बसून सासूबाईंनी मला विचारलं की तुमच्यातही असं लग्नाचं गाणं असतं ना, मग तुझ्या लग्नात विहीणबाई का नाही गायल्या? मी त्यांना सांगितलं की आमच्यात धवलारीण आपणहून गात नाही, तिला घरी जाऊन आवतण द्यावं लागतं, आणि आमच्या लग्नात ते कुणी दिलंच नाही. तुला वाटलं डोंबिवलीच्या हॉलमध्ये, त्या गुरुजींच्या माइकपुढे, हे लोक हसतील. मला वाटलं तुला नको असेल. हळदीला डीजे लागला तेव्हा तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होतीस आणि तुझे ओठ हलत होते. मी दारातून बघितलं होतं. गावातल्या एवढ्या पोरींच्या मांडवात तू देव आणलेस आणि तुझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात ते आलेच नाहीत, हे मला इतकी वर्षं लागून राहिलंय. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आपण जाऊ. तर आये, येत्या गुरुवारी तुझे व्याही आणि विहीणबाई हळदीकुंकू, नारळ घेऊन कोलशेतला येताहेत, धवलारणीला आवतण द्यायला. मांडव आमच्या गच्चीवर घालायचं ठरलंय, उंबराची फांदी बंटी आणेल. तुला आधी कळवतेय ते एवढ्याचसाठी की दारात 'आता कशाला' म्हणू नकोस, चहाला आलेत समजून विषय बदलू नकोस. मांडवात नवरा-नवरी असतील. जरा जुनी झालीत, नवऱ्याचे केस पांढरे व्हायला लागलेत, पण खरी आहेत. देवांना काय सांगायचं ते तू बघ. मला फक्त माझं नाव तुझ्या तोंडून धवल्यात ऐकायचंय.

तुझीच लेक,
नवरी
रसिका