नेम न धरता

आबा, तुम्हाला मी भेकड म्हटलं ते स्वयंपाकघरात, तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत असताना. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. साखर कारखान्याच्या पगाराची पेटी चोरट्यांनी तुमच्यासमोरून नेली आणि पोलिसांना रिव्हॉल्वर शिकवणाऱ्या हवालदाराने हातात हत्यार असून गोळी झाडली नाही, असं गावभर झालं होतं. "दुनियेला शिकवता आणि स्वतःचा हात उठला नाही? भेकड!" मी म्हणाले. आई ओरडली, "जीभ आवर, कार्टे." तुम्ही एवढंच म्हणालात, "हात उठला होता, बाळ. मीच खाली घेतला. मध्ये कारकून होता." मला ती सबब वाटली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

मग लग्न झालं, शारजा आलं, अल मजाजमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आला. नव्वदचं दशक सरत असताना ह्यांची बदली कंपनीच्या आफ्रिकेतल्या शाखेत ठरली. आमच्या आधीच्या कुटुंबाच्या घरात तिथे दिवसाढवळ्या दरोडेखोर शिरले होते, बाई एकटीच होती. म्हणून बायकांनीही पिस्तूल शिकून यायचं, नेमबाजीच्या क्लबची फी कंपनी देणार. ह्यांना एकटं जायचं नव्हतं. म्हणाले, "तू हवालदाराची मुलगी, तुला काय अवघड!" पेटीची गोष्ट मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती.

शुक्रवारची दुपार. गावाबाहेरच्या वाळूतला क्लब. शिकवणारा फौजेतून निवृत्त झालेला पठाण, मला बाजी, म्हणजे ताई म्हणतो. "चोर तीन हाथ दूर है बाजी, निशाना बांधने का टाइम किधर? कोहनी पसली से लगाओ, उसकी छाती देखो, और जैसे उंगली दिखाते हैं, बस. यल्ला, चलो!" पण माझं बोटच जागचं हलत नाही. रोज पहाटे जप करताना तर्जनी बाजूला धरायची, माळेला लागू द्यायची नाही, ही इतक्या वर्षांची सवय. पिस्तुलाच्या चापाशीही ती ताठ बाहेरच राहते. तो हसतो, "बाजी की उंगली रोज़े से है." सोबत आलेली आमची लेक काचेआडून बोट वाकवून वाकवून दाखवते. पैसे कंपनीचे, तरी वाया गेलेली एकेक गोळी मला लागते. घरी मी फ्रीजसमोर उभी राहून रिकामा हात पुनःपुन्हा उचलते, देवघराकडे पाठ करून. सहाव्या शुक्रवारी बोट मला विचारेनासं झालं.

त्या दिवशी त्याने फिरती पाटी लावली. एका बाजूला सुरा उगारलेला चोर, दुसऱ्या बाजूला मूल कडेवर घेतलेली बाई. दोरी तो ओढणार, कुठली बाजू वळेल ते सांगणार नाही. तीनदा सुरेवाला आला. चौथ्यांदा पाटी वळली आणि हात गेला. दोन गोळ्या, छातीत, चार बोटांच्या अंतरात. चित्र बाईचं आहे हे मला आवाज झाल्यावर दिसलं. पठाणाने दोरी सोडली. मग म्हणाला, "हाथ बहुत अच्छा है, बाजी. लेकिन औरत मर गई." गाडीत लेक म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट पेपर."

आबा, असा सुटलेला हात तुम्ही अर्ध्यावर धरला होतात. त्यासाठी काय लागतं ते मला त्या गाडीत कळलं. चौकशीत तुमच्या हातून हवालदाराची फीत गेली, घरात मी गेले, आणि तो कारकून पुढे म्हातारा होऊन मेला.

ह्यांना मी सांगितलं, मला नाही जमत, मी येत नाही. ते एकटेच गेले. तीन वर्षांनी परतले ते पाय ओढत. दरोडेखोर शिरले तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. एकदा जेवताना म्हणाले, "तू असतीस तर..." आणि पुढे आमटी मागितली. मी वाढली. मला जमत होतं, हे तेव्हाही सांगितलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, त्यामुळे देवापुढेही म्हटलं नाही ते लिहून टाकते. ती दोन भोकं शेजारी शेजारी पाहून मला आधी बरं वाटलं होतं, आबा. एकही गोळी वाया गेली नाही म्हणून. तुमची आठवण त्यानंतर आली.