जावईबापूंच्या शंकेचं उत्तर

जावईबापू,

देवापुढे हात जोडून लिहायला बसले आहे, म्हणजे लाज आड येणार नाही. "मी कायम बाहेरच थांबलो, मग हे मूल माझं कसं?" असं म्हणून तुम्ही माझ्या लेकीला माहेरी धाडलंत. मी जेमतेम मॅट्रिक शिकलेली बाई. म्हणून डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, कपड्यावर पडून वाळलं की शुक्राणू मरतात, त्यातून दिवस जात नाहीत. पण ओलं असताना योनीच्या तोंडाशी लागलं, तर ते आत पोचू शकतात आणि आत काही दिवस जगतात. शक्यता कमी, पण असते.

एवढं लिहून लेकीला वाचायला दिलं.

"आई, हे त्यांना पटलं तर?"

"तर न्यायला येतील गं!"

"त्याचीच भीती वाटते. माझ्या शब्दावर विश्वास नव्हता, डॉक्टरांच्या शब्दावर नेणार. आणि पुढच्या वेळी संशय आला की?"

मी पत्र तिच्या हातून परत घेतलं.

हे पत्र आता टाकत नाही, तेवढंच पाकीट वाचलं. तुम्ही न्यायला यावं म्हणून रोज देवाला साकडं घालत होते. आज ते मागे घेतलं.

तिची आई