ब्याऐंशी किलोंचा शब्द

२३ फेब्रुवारी, सोमवार
मोठा उपास सुरू. ईस्टरपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. बरंच झालं! आलुबुखार तोलायच्या काट्यावर चढले — ९१. डॉक्टरला ८२ हवेत. तेव्हाच माझी किडनी रादोयेला देता येईल. डॉक्टर भाषण द्यायला लागला. म्हटलं, आकडा सांग बाबा, मला शेतात काम आहे.

२४ फेब्रुवारी
रादोये आधी ऐकतच नव्हता. 'धाकट्या भावानं बहिणीला चिरून जगायचं?' शेवटी डिसेंबरात, घराण्याच्या संताच्या सणाला, पेटत्या मेणबत्तीपुढे बोलला — 'ताई ब्याऐंशीवर आली तर घेईन. नाही आली तर विषय बंद.' सगळे हसले. हसू देत. त्या मेणबत्तीपुढचा शब्द आमच्यात कुणी मोडत नाही.

१ मार्च, रविवार
रादोये आला. डायलिसिसच्या सुयांनी हात काळानिळा. तरी येताना अक्रोडाचा केक, तिळाचा हलवा. 'खा गं ताये, उपासाचंच आहे! ना अंडं, ना दूध.' माणसानं आणलेलं परत कसं पाठवायचं? खाल्लं. उपासाच्या खाण्यानं कुणी जाड होतं होय!

८ मार्च
पुन्हा हलवा. संपवला.

१५ मार्च
९३!! वाटलं काटा बिघडला. बटाट्याचं पन्नास किलोचं पोतं ठेवून पाहिलं. पन्नास. काटा बरोबर. मीच चुकले.

१७ मार्च
दवाखान्यातल्या सिस्टरला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. 'आजी, हलव्याला काय माहीत उपास आहे ते? निम्मं तेल, निम्मी साखर!' साठ वर्षं हा उपास करते आहे. कुणी सांगितलं नाही.
म्हणाली, उपाशी मुळीच राहू नका. पोटभर खा — पण कोबी, घेवडा, उकडलेला बटाटा. आधी वाडगाभर सूप. तेल चमचाभरच. एवढंच? एवढं तर आई रोज रांधायची. आम्ही त्याला गरिबी म्हणायचो.

२९ मार्च
९०. कोबीचं सूप, घेवडा, भाजलेली मिरची. पोट तट्ट.
पण ज्यानं माझं पोट भरतं तेच रादोयेला चालत नाही. बटाटा नाही, घेवडा नाही. पाणीसुद्धा मापून. त्याच्यासमोर घोट घ्यायची लाज वाटते.

१२ एप्रिल, ईस्टर
रादोयेनं भाजलेलं कोकरू आणलं, चीज भरलेली थराथरांची तुपकट पिटा आणली. जेवण झाल्यावर त्याची बायको देसांका भांड्यांपाशी रडायला लागली. 'वन्सं, रागावू नका. तो मुद्दाम आणतो. डॉक्टरला विचारून आला — वजन कशानं वाढतं म्हणून. तुमच्या आई ऑपरेशनला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्याला वाटतं तुम्ही पण —'
'पुरे,' म्हटलं. 'ताटं पूस.'
माझ्या हातून एक फुटलं.

१९ एप्रिल
त्याला काही बोलले नाही. बोलून काय, भांडणच! तो यायच्या आधी दोन वाडगे कोबीचं सूप प्याले. आला पिटा घेऊन.
'वाऱ्यानं उडशील, म्हातारे!'
'मग दार लाव.'
दोन घास खाल्ले. तिसरा जाईना. खरंच जाईना. तो माझ्या ताटाकडेच बघत बसला. जाताना टोपी विसरला.

१० मे
८६.

३१ मे
८४. स्कर्टला दोरी बांधली. शेजारीण म्हणते, काही दुखणं आहे का? म्हटलं, कोबी आहे.

७ जून
रादोये आला. हातात काही नाही. पाय सुजलेले. बूट निघेना, मीच ओढून काढला.

२१ जून, रविवार
त्याच्यासमोर काट्यावर चढले. ८१ आणि थोडं. तो पोत्यावर बसला. मग म्हणाला, 'ताये, तुला भीती नाही वाटत?'
नाही म्हटलं.
आई गेली त्या दिवसापासून वाटते.