माफीचा कायदा आणि अनघाचे शनिवार

शनि., ८ फेब्रु.
अनघा आज पुन्हा चोआ चू कांगला. टॅम्पिनीसच्या आमच्या घरून म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकाला. माझ्या मावसभावाकडे जायचं तर तिचं डोकं दुखतं, हे मात्र हल्ली लांब वाटत नाही.
राफाएलकडे. तो तुआसच्या जहाजांच्या यार्डात वेल्डिंग तपासणारा इंजिनिअर. अ. शिकवते त्या स्पॅनिश क्लासात मुलांना बोलायचा सराव द्यायला यायचा, तिथली ओळख. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या देशात यादवी चालू असताना थोरल्या भावाला सैनिकांनी घरातून उचललं. परत आला नाही. युद्ध संपल्यावर संसदेने माफीचा कायदा केला, कुणावरच खटला नाही, विषय बंद. आता गावातली कुटुंबं मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेली आहेत. त्यांचे वकील इंग्रजीवाले. राफाएलची जबानी इंग्रजीत आणायचं काम अ.ने अंगावर घेतलंय. फुकट.
काम चांगलं आहे. मला चांगलं वाटत नाही, इतकंच.

रवि., १६ फेब्रु.
तो जेवायला आला. अ.ने मटकीची उसळ केली, वर खोबरं, कोथिंबीर. आमच्यासाठी अशी कधी केली होती, आठवत नाही.
माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. स्वतःचं ताट विसळलं, आमच्या लेकीशी, इराशी गणितावर बोलला. पण तो आणि अ. एकदा स्पॅनिशमध्ये शिरले की लवकर बाहेर येत नाहीत. त्या भाषेत ती वेगळीच हसते, खालच्या आवाजात. वीस वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.
तो गेल्यावर इरा तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू जेलस आह?"
अभ्यास कर म्हटलं.
"ही इज जस्ट सॅड, लाह."
दुःखी माणसाचाच तर धोका. माझ्याकडे ऐकवण्यासारखं काय आहे? बँकेतलं ऑडिट?

शनि., १ मार्च
अ. रडून आली. MRTत, ट्रेनमध्येच रडली असावी, डोळे सुजलेले.
भावाला नेलं तेव्हा राफाएल खाटेखाली होता. नऊ वर्षांचा. आईने बजावलं होतं, श्वाससुद्धा घेऊ नकोस. त्याला फक्त बूट दिसले. आणि भाऊ जाताना खाली न बघता गेला, म्हणून राफाएल वाचला.
हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती सोडून गेली, तरी नाही. अ.ला सांगितलं.
मी सगळं ऐकून घेतलं. आणि मनात पहिलं काय आलं, तर: हिलाच का.

रवि., ९ मार्च
नवीनच निघालं. त्या तुकडीतला एक म्हातारा सैनिक बोलायला तयार आहे. भावाला कुठे पुरलं ते दाखवतो म्हणतो. अट अशी की माफी टिकली पाहिजे आणि या कुटुंबाने कोर्टातून नाव मागे घ्यायचं. राफाएलला खटला हवाय. त्याची आई ऐंशीच्या पुढची. ती म्हणते, मला कुणी तुरुंगात नको, मला पुरायला हाडं द्या.
अ. संतापलीय. "हा सौदा झाला. संसद कोण माफी देणार? ज्याचं गेलं त्याने द्यायची."
"मग आईने दिली तर?"
तिने उलट विचारलं, "तू कधीपासून यात लक्ष घालायला लागलास?"

गुरु., २० मार्च
राफाएलला मीच फोन केला. अ.ला नाही सांगितलं. लंचला ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी भेटलो. म्हटलं, आईचं ऐक. कोर्ट थांबेल, तिला थांबता येणार नाही.
त्याने कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप बाजूला सारला. मग म्हणाला, सगळे कायद्याचं बोलतात, माझ्या आईचं बोलणारा तू पहिला. हात घट्ट धरला माझा.
बोललो ते खोटं नव्हतं. पण बोलताना डोळ्यांपुढे त्याची आई नव्हती. खटला संपला की शनिवार परत मिळतील, हे होतं.

बुध., २ एप्रिल
त्याने नाव मागे घ्यायचं ठरवलं. आणि अ.ला सरळ सांगितलं, तुझ्या नवऱ्याने माझे डोळे उघडले.
ती ओट्यापाशी कणीक मळत होती. "त्याच्या आईसाठी बोललास?"
"हो."
माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा मळायला लागली. पोळ्या झाल्या, जेवताना माझं ताट मीच वाढून घेतलं.

शुक्र., ११ एप्रिल
राफाएलचा माघारीचा अर्ज पोचायच्या आत निकाल आला. कोर्ट म्हणतं, असल्या गुन्ह्यांना माफी चालत नाही, सरकारने तपास करून खटले भरावेत. तिथलं सरकार म्हणतं, बाहेरच्या कोर्टाने आम्हाला शिकवू नये, आमचा कायदा आम्ही बघू.
म्हणजे खटल्याचा भरवसा नाही. आणि म्हाताऱ्या सैनिकाने दार लावून घेतलंय. माफीच राहिली नाही तर तोंड उघडून मरू काय, असा निरोप दिला. हाडंही गेली.
वकिलांचे फोन येत होते, जिंकलो म्हणून. अ. उचलत नव्हती. मी शेजारी जाऊन बसलो. ती सरकली नाही, पण टेकलीही नाही.

रवि., २० एप्रिल
राफाएल गावी निघालाय. त्या सैनिकाचं घर त्याच्या आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. म्हातारी रोज सकाळी जाऊन त्याच्या दारात खुर्ची टाकून बसते. काही मागत नाही. तो आतून पडदा ओढतो.
तिने अ.ला बोलावलंय. माझ्या मुलाचं जिने ऐकून घेतलं तिला बघायचंय म्हणे.
अ. म्हणाली, "जाऊन येऊ का?"
"कोण बोलावतंय? आई की तो?"
"तुला कुठलं उत्तर चालेल?"
तिने तिकिटांचं पान उघडून लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि खाली भाजी आणायला गेली. तारीख भरलीय. प्रवासी किती, ते भरलेलं नाही.